न झिजलेला फाळ

मी एक जुना लोखंडी नांगर आहे, आणि इतकी वर्षं लोटूनही नवाकोरा दिसतो, हेच माझं दुखणं आहे. मित्रांनो, तुम्हाला शाळेत सांगतात की वस्तू जपून वापरा. त्यातला 'वापरा' हा शब्द माझ्या वाट्याला आलाच नाही. मला जसं जपलं तसं वैऱ्यालाही कुणी जपू नये.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्या कारखान्यात मला ओतलं, घासलं, माझ्या फाळाला निळा रंग दिला. पंचावन्न सालच्या सुमारास मी जहाजानं मुंबईला, आगगाडीनं चिंचवडला आणि तिथून बैलगाडीत डुगडुगत चाकणजवळच्या निघोज्याला येऊन पडलो. परदेशाच्या मदतीनं शेतीसुधारणेची एक योजना निघाली होती. लोखंडी नांगरानं खोल नांगरट करायची, आणि पीक किती वाढलं ते पुढच्या वर्षी साहेबानं येऊन तपासायचं. मी तर कामाला आसुसलो होतो. काळी माती कधी एकदा उलथतो असं मला झालं होतं.

मला गावचे पाटील सोपानराव यांच्या ताब्यात दिलं. माणूस वाईट नव्हता, पण धास्ती फार. परक्या देशाचा माल, एखादा बोल्ट तुटला तर आणायचा कुठून, आणि साहेबाला तोंड कसं दाखवायचं? खंडेनवमीला सगळ्या अवजारांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी बाकीची अवजारं हळदीकुंकवासकट रानात गेली. मला मात्र सोपानरावांनी पडवीत पाटावरच ठेवलं. इतरांची पूजा एका दिवसाची, माझी रोजची झाली. पोरांनी हात लावला तरी ते ओरडायचे. असा संताप यायचा म्हणून सांगू!

त्याच गावात सोजराबाई म्हणून एक विधवा बाई राहायची. तिची जमिनीची एकच पट्टी, आणि तीत हरळी माजलेली. हरळीच्या गवताची मुळं खोल जातात. लाकडी नांगर वरवर खाजवून जातो, हरळीला त्याचं काही वाटत नाही. मुळं उपसून उन्हाळ्यात तापवली तरच मरतात, नाहीतर पाऊस पडला की पुन्हा जीव धरतात. ते काम माझंच होतं. या उन्हाळ्यात रान मोकळं झालं नाही तर पोटासाठी गाव सोडावं लागणार, हे तिला दिसत होतं.

एका सकाळी ती पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "पाटील, दोन दिस नांगर द्या. सावडीनं बैल बी मिळाल्यात, आज त्यांचं काम तर उद्या माझं."

"देतो की, वैनी. पण सायबाला एकदा बघून जाऊ द्या. मग खुशाल न्या."

साहेब काही येईना. होळी झाली, अक्षय्य तृतीया झाली. सोजराबाई येत राहिली आणि तेच उत्तर घेऊन जात राहिली. सावडीचे बैल ज्याच्या त्याच्या कामाला निघून गेले. उठावं आणि आपणच चालत तिच्या रानात जावं, असं मला वाटायचं. पण नांगराला ओढणारा कुणी नसला की त्याचं सगळं बळ फुकट असतं.

ज्येष्ठात, आभाळ भरून आलेलं असताना, जीप आली. गोरा साहेब उतरला, बरोबर पुण्याहून आलेले योजनेचे अधिकारी यशवंतराव. साहेब माझ्याच देशातला, म्हणून त्याची बोली मला येत होती, आणि वर्षभर ऐकून गावाचीही येऊ लागली होती. साहेबानं वाकून फाळावरून बोट फिरवलं. मला उमेद आली. मातीत गेलेल्या फाळाचा रंग पहिल्याच फेरीत उडतो, माझा तर जिथल्या तिथं होता. आता ह्याला कळणार, मी मनात म्हटलं.

"वा, किती चांगला ठेवलाय," साहेब म्हणाला.

मग सोपानरावांनी त्याला ज्वारीनं भरलेली कणगी दाखवली. ती ज्वारी ओढ्याकाठच्या रानातली. तिथं दरसाल गाळ येतो, कुणीही पेरलं तरी पिकतं. ती नांगराचीच करामत समजून साहेब खूश झाला.

तेवढ्यात सोजराबाई पुढं आली. "सायेब, ह्यो नांगर रानात गेलाच न्हाई. माझी हरळी बगा येऊन. आजूनबी मला द्या."

साहेबानं यशवंतरावांकडे पाहिलं. यशवंतरावांचा चेहरा उतरला. पाहुण्यासमोर योजनेचं हसं होणार होतं. ते साहेबाच्या भाषेत म्हणाले, "बाई म्हणतात, गाव तुमचं फार आभारी आहे."

साहेबानं तिला हात जोडले. आपलं म्हणणं पोचलं असं वाटून तिनंही हात जोडले. यशवंतराव सोडले तर दोन्ही भाषा कळणारा तिथं मी एकच, आणि मलाच तोंड नव्हतं.

पाऊस पडला. हरळी हिरवीगार झाली. योजना यशस्वी ठरली, आणखी नांगर येणार आणि मला नमुना म्हणून जपून ठेवायचं, असा हुकूम आला. मग सोजराबाईला कळायचं ते कळलं. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथं विटा वाहायला जायचं तिनं ठरवलं.

निघताना डोक्यावरचं बोचकं उतरवून ती पडवीत आली. अंगणातला दगड उचलून तिनं माझ्या फाळावर एक लांब ओरखडा ओढला.

"आता तरी रानात गेल्यावानी दिसशील," ती म्हणाली आणि गेली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कुणी पाहायला येईल म्हणून वस्तू झाकून ठेवू नका. ज्याला गरज आहे त्याच्या हातात ती द्या, मोडली तर मोडू द्या. आणि तपासायला गेलात तर फाळ पाहून परत फिरू नका, रानापर्यंत चालत जा. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या अंगावर उमटलेली एकच खूण म्हणजे तो ओरखडा. दुसऱ्याच दिवशी सोपानरावांनी त्यावर रंग फिरवला.