डाव्याचं उजव्याला

पौषातलं ऊन सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात सरळ कधी आलंच नाही. छपराच्या दोन पत्र्यांमधल्या फटीतून ते तिरपं उतरे आणि कामाच्या टेबलावरून उठणाऱ्या राळेच्या धुरात थबके. त्या धूसर, पिवळसर पट्ट्यात मला शकुंतला पहिल्यांदा दिसली. म्हणजे खरं सांगायचं तर तिचे हात दिसले. डाव्या हातात सोल्डरिंगची तापलेली कांडी होती आणि तो हात इतका निश्चल, इतका एकाग्र होता, की धूरसुद्धा त्याला वळसा घालून जातोय असं वाटावं. उजवा हात मात्र एका मिक्सरच्या उघड्या पोटावर निवांत विसावला होता, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. त्याची अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. मी शिष्टाचार म्हणून नजर दुसरीकडे वळवली, तर मान वर न करता ती म्हणाली, "बघा बाई, बघा. बघून काय झिजत नाय."

हा गाळा म्हणजे देवऱ्यांचा खटाटोप. देवरे हे एका कंपनीतून लवकर निवृत्त झालेले अभियंते, मूळचे सटाण्याकडचे. घरात बसवेना म्हणून त्यांनी एक बंद पडलेला गाळा घेतला, त्यात हत्यारं मांडली आणि दर रविवारी दार सताड उघडं ठेवायला सुरुवात केली. ज्याचं जे बिघडलंय ते त्यानं आणावं, स्वतः खोलून पाहावं, अडलं तर शेजारच्यानं हात लावावा; आणि जे खरोखरच गतप्राण झालंय त्याचे अवयव काढून दुसऱ्या कशात तरी जीव ओतावा, असा तिथला मामला. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. इस्त्री घेऊन गेले होते. इस्त्री दुरुस्त होऊन घरी आली आणि मी तिथंच अडकले. माझी चित्रकला बरी, म्हणून मापं घेऊन आराखडे काढायचं काम देवऱ्यांनी माझ्या गळ्यात मारलं.

शकुंतलेला मात्र कुणी काम नेमून दिलेलं नव्हतं. ती पूर्वी अंबडच्या एका कारखान्यात प्रेसवर होती. उजव्या हातानं पत्र्याची पट्टी पुढे सरकवायची, पायानं खटका दाबायचा, वरून साचा आदळायचा की एक नग तयार. एके दिवशी साचा पट्टीवर नाही, बोटांवर आदळला. हे ती अगदी कोरडेपणानं सांगायची. पन्नाशीची, काटक, काष्ठासारखी सरळ बाई; केसांचा घट्ट अंबाडा, त्यात खोचलेला बारीक स्क्रू-ड्रायव्हर. बंद पंख्याच्या अंगाला पान्ह्याचं एक टोक टेकवून दुसरं ती कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत राहायची. त्या वेळी तिच्या मुद्रेवर जे भाव असत, ते मी आयुष्यात फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिले आहेत. आपलं बोलणं कुणी इतकं लावून ऐकलं तर आपणही दुरुस्त होऊ, असं मनात यायचं आणि माझं मलाच हसू यायचं.

पण तिचा तो उजवा हात मला सोसेना. पाटीवर अर्धवट सोडलेलं अक्षर पाहिलं की आजही माझे हात शिवशिवतात, तसंच ते. देवऱ्यांनी नुकताच थ्री-डी प्रिंटर आणला होता. प्लास्टिकचा तंतू वितळवून थरावर थर चढवत जाणारं ते यंत्र रेशीमकिड्यासारखं कुरकुरत वस्तू विणायचं. मी ठरवून टाकलं, शकुंतलेला बोटं करून द्यायची. तिला विचारलं का? नाही विचारलं. शिक्षकाला ही खोडच असते. समोरच्याचं भलं कशात आहे ते आधी आपल्याला कळतं, त्याला मागाहून. "बाईंची हौस होऊ द्या," एवढं म्हणून तिनं माप द्यायला हात पुढे केला.

उजवी बोटं नाहीत, तेव्हा मापं डाव्यावरूनच घ्यावी लागली. सांध्यांचा कल, नखाची कड, पेरांची लांबी, सगळं मी कागदावर उतरवलं. देवऱ्यांनी ते संगणकात घातलं. दोन रविवार यंत्र कुरकुरलं आणि दोन सुबक, सायीच्या रंगाची बोटं तयार झाली. चामड्याच्या पट्ट्यानं ती तिच्या उजव्या हाताला बांधली, तेव्हा सगळा गाळा भोवती जमला होता. शकुंतलेनं हात उलटसुलट फिरवला आणि ती खो खो हसत सुटली. बोटं भलतीकडेच वळत होती.

"अरे देवा, आरसा करायचा राहिला की!" देवऱ्यांनी कपाळाला हात लावला. डाव्याचं चित्र उलटवून उजव्याचं करायला हवं होतं. तसं न करता डाव्याचंच उजव्याला लावलं होतं.

हसून हसून शकुंतलेच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं ते टिपत ती म्हणाली, "माझं सगळं असंच हे बाई, डाव्याचं उजव्याला. मी जन्माची डावरी. पहिलीत गेले तर तिथल्या बाई माझा डावा हात माझ्याच वेणीच्या रिबिनीनं कमरेला बांधायच्या. मग काय करता, गिरवा उजव्यानं! शिकले की. लिहायला उजवा, जेवायला उजवा, प्रेसवर बी उजवा."

सगळे हसले. मीही हसले असेन. पण मी जवळच्या खोक्यावर जाऊन बसले.

मुलांना मी कधी छडी मारली नाही, हे मी आजवर मोठ्या तोऱ्यात सांगत आले आहे. खरंच नाही मारली. मी फक्त रिबीन बांधायचे. डावरी पोर आली की तिच्याच वेणीची रिबीन सोडायची, डावं मनगट कमरेशी घ्यायचं, हलकेच गाठ मारायची आणि पेन्सिल उजव्या हातात द्यायची. माझ्या पहिल्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी मला हे शिकवलं होतं. मारण्यापेक्षा हे किती बरं, असं आम्हाला वाटे. ती शाळा वणीजवळ, गडाच्या पायथ्याशी होती. दोन वर्षं मी तिथं काढली. आणि शकुंतला वणीकडची.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जो गुंता झाला तो काही केल्या सुटेना. वणीकडे गावं का थोडी आहेत? रिबीन बांधणाऱ्या बाया का थोड्या होत्या? ती बाई मीच कशावरून, आणि मी नव्हे तरी कशावरून? वयाचं गणित मांडावं तर तिची जन्मतारीख एक जून. म्हणजे शाळेनं लावून दिलेली, खरी तिलाही ठाऊक नाही. अशा कितीतरी एक जून मी स्वतःच्या हातानं दाखल्यांवर लिहिल्या आहेत. कधी वाटे, वर्ष जुळतंय. भाजी चिरता चिरता पुन्हा मोजलं की दोन-तीन वर्षांनी हुकायचं. बरं, जुळलं असं धरलं, तरी पुढे काय? डावरी पोर डावरीच राहिली असती तर तिनं पट्टी डाव्यानं सरकवली असती, मग डावी बोटं गेली असती, एवढंच ना? की तो तिचा उपजत हात, चपळ हात, साचा खाली येण्याआधी मागे आला असता? हे कोण सांगणार? विचारायचं तर कुणाला, आणि कुठल्या तोंडानं? एकदा तर तिच्याजवळ जाऊन मी घसा खाकरला आणि "चहा घेशील का?" एवढंच विचारून परत आले.

आरसा करून देवऱ्यांनी बोटं पुन्हा काढली. या वेळी ती अचूक बसली. शकुंतलेनं त्या बोटांनी टेबलावरचा बारीक स्क्रू उचलून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. उन्हाचा तो तिरपा पट्टा नेमका तिच्या नव्या बोटांवर पडला होता, आणि मला क्षणभर वाटलं, फिटलं. जे काय माझ्याकडून गेलं असेल किंवा नसेल, ते मी परत केलं.

पुढच्या रविवारी ती आली ती मोकळ्या हातानं. दुपारी हत्यारांचं कपाट उघडायला गेले, तर त्याची तुटलेली मूठ बदललेली दिसली. मूठ कसली, शकुंतलेचं बोट! मधोमध भोक पाडून, मागून नट आवळून, पक्कं बसवलेलं. दुसरं बोट शेजारी आडवं ठोकून त्यावर कात्री टांगलेली. जो तो येऊन त्या बोटाला धरून कपाट उघडत होता आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

माझा पारा चढला. सगळ्यांदेखत मी तिला फैलावर घेतलं. किती मेहनत, किती दिवस, कशाची म्हणून किंमत नाही. माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कांडी बाजूला ठेवली आणि उजवा हात स्वतःच्या डाव्या तळव्यात घेऊन म्हणाली, "रागवू नका बाई. बोटं झ्याक झाली होती. पण याला आता पुन्हा कामाला लावू नका. लय केलं त्यानं, आणि ते बी दुसऱ्याच्या वाटचं. तो गेला तेव्हा कुठं याची पाळी आली." याची म्हणजे डाव्याची. असं म्हणून तिनं डावा हात माझ्यासमोर धरला. राळेनं काळवंडलेली, चटक्यांचे पांढरे डाग असलेली, लांबसडक पाच बोटं. मी ती पाहत राहिले. माझं काय चुकलं होतं, तेव्हा की आता, की दोन्हीकडे, हेच कळेना.

फाल्गुन लागला. द्राक्षांच्या गाड्या सातपूरच्या नाक्यावरून जाऊ लागल्या आणि गाळ्यातल्या राळेच्या वासात बाहेरचा आंबटगोड वास मिसळू लागला. शकुंतलेच्या मुलीला रेल्वेत नोकरी लागली होती, मनमाडला क्वार्टर मिळालं होतं. आई आता कायमची तिच्याकडे राहणार होती. शेवटच्या रविवारी शकुंतलेनं आपली हत्यारं एकेक करून पुसली, जागच्या जागी लावली. देवरे बाहेर रिक्षा बघायला गेले. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"शकुंतला, त्या तुझ्या बाई, रिबीन बांधायच्या त्या. नाव काय गं त्यांचं?"

ती हसली. "बाईंना कुठं नाव असतंय बाई? बाई म्हंजे बाई."

"दिसायला कशा होत्या?"

"उंच होत्या."

मला एकदम हायसं वाटलं. मी पाच फूटही धड नाही. मग लक्षात आलं, पहिलीतल्या पोरीला सगळं जगच उंच.

"राग येतो का गं त्यांचा?" हे मी विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"राग?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "राग कशाचा! चांगल्या होत्या. मारत नव्हत्या. शाळा सुटायच्या टायमाला रिबीन सोडायच्या ना, तर माझा हात आपल्या मांडीवर घेऊन चोळत बसायच्या, पार मुंग्या जाईस्तोवर. माझ्या आईला बी तेवढा वेळ नसायचा."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज झाला. मी तोंड उघडलं होतं. मी बोलणार होते. पण तोवर जी कबुली होती ती एका क्षणात फुशारकी होऊन बसली होती, आणि दोहोंपैकी कशाचाच पुरावा माझ्यापाशी नव्हता. शकुंतलेनं वाकून माझ्या पायांना हात लावला, डावा. "येते बाई," म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. ती बसायची त्या स्टुलावर ऊन बराच वेळ तसंच पडून होतं.

आता वैशाख आहे. फटीतून येणारा पट्टा टेबल सोडून भिंतीवर सरकला आहे, आणि मी रोज आठवून पाहते. रिबीन आठवते, तिचा विटका लाल रंग आठवतो. मनगटाची ऊब, गाठ मारताना पोरीनं रोखून धरलेला श्वास, दारातून मोठ्या बाईंनी कौतुकानं हलवलेली मान, सगळं लख्ख आठवतं. हात मांडीवर घेऊन चोळलेला मात्र आठवत नाही. दोन महिने मी भीत होते, की ती बाई मी असेन. आता दिवा लावताना हात जोडले की मागणं एकच येतं, की ती मीच असावी. मनमाड काही दूर नाही, पण आता तिथं जाऊन विचारणं म्हणजे शाबासकी मागायला जाणं. इतक्या वर्षांपलीकडे, शाळा सुटल्यावरच्या त्या उन्हात, एक लहानसा हात माझ्या मांडीवर आहे की नाही, हे कदाचित सांगू शकेल अशी जगात एकच बाई उरली होती, आणि तिला मी सगळं विचारलं, फक्त एवढंच विचारलं नाही: ती मी होते का?