पियानोवाल्या सिनेमातला डॉक्टर

आमची सून कौमुदी गुणाची आहे, पण डीव्हीडीचं कव्हर उलटून वाचायची तिला सवय नाही. जॉन्सनव्हिलला एक व्हिडिओचं दुकान बंद होत होतं. आम्ही पुण्याहून सहा महिन्यांसाठी इथे परदेशात मुलाकडे आलेले, दिवसभर घरात कंटाळणारे म्हातारा-म्हातारी. म्हणून तिने तीन सिनेमे उचलून आणले.

"बाबा, जुन्या ब्रिटिश कॉमेडी आहेत, एकदम क्लीन! शनिवारी जेवणं झाली की सगळे मिळून बघू. हीप्स, म्हणजे भरपूर हसाल."

तिसरं कव्हर पाहिलं आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. घरोघरी पियानो दुरुस्त करत फिरणारा एक पोरगा आणि त्याच्यामागे टॉवेल गुंडाळलेल्या तीन बायका. या सिनेमात मी आहे.

१९७४ साली मी लंडनला इंजिनिअरिंग शिकत होतो. माझ्या खोलीत राहणारा प्रमोद म्हणाला, "काश्या, शूटिंगला एक हिंदुस्थानी डॉक्टर हवाय. दोन वेळचं गरम जेवण देतात." गेलो. पांढरा कोट चढवला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला. दार उघडून आत जायचं, एवढंच काम होतं. आत गेलो तर पलंगावर एक बाई, आणि अंगावर म्हणावं असं काहीही नाही. पुढचं मला आठवत नाही. सगळे खो खो हसले, एवढं मात्र पक्कं आठवतं. पंचवीस वर्षांचा घोडा मी, डोळे फाडून बघतच राहिलो असणार. दोन वर्षांनी आशालताशी लग्न झालं. तिला यातलं अक्षरही सांगितलं नाही.

आणि आता माझं ते तोंड शनिवारी बायको, मुलगा नि सून एका सोफ्यावर बसून बघणार होते. या वयात अब्रूचं खोबरं! निदान आधी बघून तरी ठेवावं, म्हणून गुरुवारी दुपारी डिस्क लावली. शंतनू आणि कौमुदी कामावर होते, आशालता लायब्ररीत गेली होती.

सिनेमा म्हणजे नुसता बावळटपणा होता. दर दहा मिनिटांनी कुणाचा तरी नवरा अवेळी घरी यायचा, पोरगा कपाटात लपायचा, पँट बाहेर राहायची. याला तेव्हा लोक चावट म्हणायचे! मी चिडून पुढे ढकलत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, हे काय बघताय?"

इथला मेला वारा! छत्री उलटी झाली म्हणून आशालता अर्ध्या वाटेतून परत आली होती. मी रिमोट शोधेपर्यंत पडद्यावरचं दार उघडलं आणि कानांवर केस, खाली बेलबॉटम अशा थाटात मी आत आलो.

"अगंबाई! तुम्ही?"

पडद्यावरच्या मी पलंगाकडे पाहिलं, दोन्ही हात जोडले, कमरेत वाकून नमस्कार केला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. नवरा आला, पलंग मोडला, पोरगा खिडकीतून पळाला. डॉक्टर आपला भिंतीकडे तोंड करून, हात जोडलेलेच.

या माणसाला मी तेहतीस वर्षं घाबरत होतो! मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसलो. आशालता मात्र हसत नव्हती. अंगातला कोटही न काढता ती सोफ्यावर बसली. डोळे भरले होते.

"एवढंच होतं?"

"एवढंच गं. तुझी शपथ."

"लंडनचा विषय निघाला की तुम्ही पाणी प्यायला उठायचात. दर वेळी. मला वाटायचं, तिथे तुमचं कुणीतरी होतं. शंतनूच्या बारशालासुद्धा वाटलं, अजून तिची आठवण येत असेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माझी अब्रू सांभाळत बसलो आणि आशालता एकतीस वर्षं नसलेल्या बाईबरोबर संसार करत होती.

"मग विचारलं का नाहीस?"

"आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

तिने पदराने डोळे पुसले, आणि मग एकाएकी तिला हसू फुटलं. पोट धरधरून हसली.

"परत लावा. तो नमस्कार परत बघू दे. शनिवारी कौमुदीलाही दाखवू."

मी सवयीने पाणी प्यायला उठलो. तिने शर्ट धरून मला खाली बसवलं.