हेडली पास्कोची पदकं

माझे सासरे हेडली पास्को गेले तेव्हा आमच्या गावातली दुकानं अर्धा दिवस बंद होती. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या आकाशात जपान्यांची सात विमानं पाडलेला माणूस. गावचा मुख्य रस्ता त्यांच्या नावाचा, माजी सैनिकांच्या क्लबात बारच्या वर त्यांचा फोटो. पदकं त्यांनी माझ्या नवऱ्याच्या, लायलच्या नावे ठेवली होती. लायलने पदकांचा तो डबा घरात आणलाच नाही. गाडीच्या डिकीत ठेवला आणि मेलबर्नच्या लिलाववाल्यांना फोन केला.

गावाला कळायला वेळ लागला नाही. मर्व्हकाका आले. क्लबाचे अध्यक्ष, आणि लायलच्या लहानपणचे शेजारी. दोन घरांमध्ये फक्त पत्र्याचं कुंपण. सगळ्यांत मोठं पदक हेडलींना मिळालं ते यांच्यापायीच. मर्व्हकाकांच्या विमानातून धूर निघत होता, मागे तीन जपानी लागले होते, आणि हेडली एकटे मागे फिरले होते.

"लायल, पोरा, बापाची पदकं विकतात होय? क्लबात काचेच्या कपाटात ठेवू की."

"फुकट देतो," लायल म्हणाला.

काकांचा चेहरा उजळला.

"फक्त एक करायचं. क्लबाच्या सभेत उभं राहायचं आणि कुंपणापलीकडून तुम्हाला काय ऐकू यायचं, ते सांगायचं."

काकांनी चहात आणखी एक चमचा साखर घातली. मला सगळं ठाऊक होतं. लग्नानंतर लायलची पाठ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, हा कधीतरी काटेरी तारेत अडकला असणार. तार नव्हती, बापाच्या पट्ट्याचं बक्कल होतं. त्याची आई एक दिवस अ‍ॅडलेडला बहिणीकडे गेली ती परत आलीच नाही. मग घरात मार खायला तो एकटाच उरला.

"त्या काळी घरोघरी पोरांना मार बसायचा रे," काका म्हणाले.

"घरोघरी पोरं शुद्ध हरपेपर्यंत?"

काका चहा तसाच टाकून उठले.

सभेला लायल गेला नाही. मी गेले, सँडविच करायची माझी पाळी होती. शेवटी मर्व्हकाका उभे राहिले. टेबलाची कड धरली, घसा खाकरला.

"हेडली घरात जरा कडक होता," ते म्हणाले.

"मग आमचा बाप काय केक भरवायचा?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. काकाही हसले आणि खाली बसले.

घरी येऊन मी सांगितलं.

"काकाही हसले?" लायलने विचारलं.

"हसले."

"मग होऊ दे लिलाव."

लिलावाला क्लबाची माणसं मिनीबस करून आली. सॉसेज विकून, सोडती काढून त्यांनी पैसे जमवले होते. लिलाववाल्याने आधी पदकाबरोबरचा मजकूर वाचला: सहकाऱ्याच्या प्राणांसाठी स्वतःच्या प्राणांची तमा न बाळगता. माझ्या शेजारी लायल मान खाली घालून बसला होता. बोली चढत गेली. फोनवरून परदेशातला कुणी सोडायलाच तयार नव्हता. क्लबाचे पैसे संपले तरी मर्व्हकाकांचा हात वरच. खजिनदाराने त्यांची बाही ओढली.

"काका, पुरे. आपल्याकडे एवढे नाहीत."

"घर आहे माझं," काका म्हणाले. खजिनदाराने हात धरून खालीच आणला. हातोडी पडली.

बाहेर पायऱ्यांवर काकांनी लायलला गाठलं. क्लबाची सगळी मंडळी तिथेच होती.

"ऐकू यायचं रे. प्रत्येक वेळी. मी रेडिओ मोठा करायचो. माझी बायको जीन म्हणायची, जा, पोर मरेल. फाटकापर्यंत जायचो. मग वाटायचं, ज्याने मला जिवंत आणलं, त्याचा हात कसा धरू?"

कुणी हसलं नाही. खजिनदार मिनीबसकडे निघून गेला.

"तुमच्या मागे तीन विमानं होती, तरी तो फिरला," लायल म्हणाला. "तुमच्यासमोर एकच माणूस होता, काका. तोही प्यायलेला."

"आता सांगितलं ना मी? सगळ्यांसमोर?"

"सांगितलंत."

"मग?"

"मग काय. पदकं गेली."

वाटलं होतं, परतीच्या वाटेवर लायलला मोकळं वाटेल. त्याने दोनदा गाडी थांबवली आणि दोन्ही वेळा नुसताच शेताकडे बघत उभा राहिला. गावात त्याच्याशी बोलणं बऱ्याच जणांनी सोडलं. मर्व्हकाकांशीही सोडलं, हे मला नंतर कळलं. बारमध्ये त्यांच्या शेजारचं स्टूल रिकामंच असायचं.

हिवाळ्यात काका वारले. अंत्यविधीला मी गेले. लायल पंप दुरुस्त करायला गेला होता. संध्याकाळी हात धुऊन तो जेवायला बसला.

"लोक होते?"

"थोडेच. शवपेटी उचलायला एक माणूस कमी पडत होता. पाद्र्यालाच खांदा द्यावा लागला."

"असेल," तो म्हणाला आणि ताटातला मटणाचा तुकडा कापू लागला. बराच वेळ कापत राहिला. खाल्ला मात्र नाही.