नववी वाटी

पाट साफ करायच्या मिंग्याला, म्हणजे गावाच्या श्रमदानाला, घरटी एक माणूस जायचा. ज्याला जमत नसे तो आपल्या जागी दुसऱ्याला धाडी, आणि हजेरी घेताना तो दुसरा पहिल्याच्या नावाने 'हजर' म्हणे. डोंगरातली ही जुनी रीत. पाच वर्षांपूर्वी एउदोरो गुरुजींनी सर्दीचं निमित्त सांगून लिसार्दोला धाडलं. खरं म्हणजे त्या दिवशी शहरातून पुस्तकांचं खोकं आलं होतं. लिसार्दो गुरुजींच्या नावाने हजर म्हणाला आणि दुपारी दरड कोसळून तिच्याखाली गेला. हजेरीच्या वहीत तेव्हापासून एउदोरो हजर, लिसार्दो गैरहजर. ही वही दर जानेवारीत सभेपुढे वाचली जाई, आणि ती गुरुजींच्याच ताब्यात होती.

गुरुजींनी मुलांसाठी गोष्ट लिहिली. नऊ प्राणी पाट खणतात, सर्दी झालेल्या सशाचं काम अस्वल करतं, शेवटी सगळे एका चादरीवर बसून बटाटे आणि मका खातात. चित्रं काढायला त्यांनी लिसार्दोच्या बायकोला, मेल्चोराला सांगितलं. मेंढीच्या कातड्यावर तिच्यासारखं कोणी रंगवत नसे. आपण हे तिच्या भल्यासाठीच करतो आहोत, अशी त्यांनी स्वतःची समजूतही घातली होती.

चित्रं बघायला ते तिच्या घरी गेले. अकरा चित्रं पाहून त्यांचे डोळे निवले. बाराव्यात चादरीभोवती आठच प्राणी होते. नवव्या वाटीपुढे नुसती एक टोपी.

"वहिनी, अस्वल राहिलं."

"राहिलं नाही, गुरुजी. पाटावर गेलं ते परत आलंच नाही."

मुलांच्या पुस्तकाचा शेवट गोड असावा लागतो, असं ते पुटपुटले. मेल्चोराने ब्रश धुतला, फडक्याला पुसला.

"काढते की अस्वल. त्याला काय, घटकाभराचं काम. तुम्ही वहीत त्याला हजर लिहा, आणि सभेत वाचून दाखवा. दर वर्षी माझ्या पोरांसमोर त्यांच्या बापाला कामचुकार म्हणता, ते एकदा थांबवा."

गुरुजी लिहितो म्हणाले. तेव्हा त्यांना ते खरंच वाटलं होतं.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. दुरुस्ती करायची तर मूळचा माणूस का आला नाही त्याचं खरं कारण लिहावं लागे, आणि तेही सभेत मोठ्याने वाचावं लागे. 'त्या दिवशी मी आजारी नव्हतो.' एवढंच वाक्य. आयुष्यभर पोरांची वाक्यं तपासलेल्या माणसाला ते पुरं करता येईना. पहिले तीन शब्द झाले आणि त्यांना सभेतली माणसं दिसू लागली. कोणी ओरडत नव्हतं, नुसती बघत होती. त्यांनी पान फाडलं.

मग त्यांनी गोष्ट समोर ओढली. 'नऊ' खोडून 'आठ' केलं. अस्वलाची दोन पानं काढली. सशाची सर्दीही काढली. भाषा जास्त सुटसुटीत झाली, हेही त्यांच्या लक्षात आलं.

मेल्चोराला त्यांनी निरोप धाडला की चित्र आहे तसंच चालेल.

पुस्तक छापून आलं त्या दिवशी गुरुजींनी ते शाळेत वाचलं. आठ प्राणी राबले, आठ प्राणी जेवले, कोणीच कोणाला विसरलं नाही. मुलं खूश झाली. मेल्चोराची धाकटी मुलगी पुढे सरकली आणि तिने शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं.

"गुरुजी, ही वाटी कोणाची?"

गुरुजींनी पान उलटायला हात लावला. पुढे पान नव्हतं.