गावात दुसरा घाणा नव्हता

मी एक जुना घाण्याचा दगड आहे. मित्रांनो, हल्ली माझा मुक्काम शाळेच्या अंगणात, अंजिराच्या झाडाखाली असतो. मधल्या सुट्टीत मुलं माझ्यावर बसून डबा खातात. त्यांना वाटतं, हा बापडा म्हातारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते ऐकून मला कसंनुसं होतं.

मागच्या आठवड्यात नजियाबाईंनी वर्ग बाहेर घेतला. धडा होता मक्तेदारीचा.

"एखादी वस्तू किंवा काम एकाच्याच हातात असतं आणि गिऱ्हाइकाला जायला दुसरं दार नसतं, ती मक्तेदारी," बाई म्हणाल्या. "आता वाक्यात उपयोग करा बघू."

"बाई, घोरण्यात आमच्या आजोबांची मक्तेदारी आहे!" एक मुलगी म्हणाली.

"आणि शहाणपणाचा मक्ता हिनं घेतलाय," मागून रिदा नावाचा मुलगा बोलला.

सगळे हसले, बाईसुद्धा. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला कुणी विचारलं असतं तर मी वेगळं वाक्य सांगितलं असतं. मबरूकाच्या ऑलिव्हच्या ढिगातून वाफ निघत होती, आणि गावात दुसरा घाणा नव्हता.

नीट सांगतो. आमचं गाव दक्षिणेकडच्या डोंगरावर, समुद्रापासून दूर. एकाच खाणीतून आम्ही दोन दगड निघालो. मला वरच्या आळीत हाजी मिस्बाहच्या वडिलांनी आणलं, आणि माझ्या भावाला खालच्या आळीत तिजानीनं. डोंगराच्या पोटात कोरलेल्या खोलीत मी उभा असायचो. डोळ्यांना फडकं बांधलेली उंटीण मला गोल फिरवायची. माझ्याखाली ऑलिव्ह चिरडले जायचे, तो लगदा गवताच्या चकत्यांत भरायचा, आणि खजुराच्या खोडाखाली दाबून तेल काढायचं.

आमच्याकडे एक रीत होती. ज्याचे ऑलिव्ह, त्यानं पहिलं तेल वाडग्यात काढायचं आणि जवाची भाकरी मोडून घाण्यावरच्या प्रत्येकापुढे धरायची. प्रत्येकानं घास बुडवून खायचा आणि "बरकत येवो" म्हणायचं. तेल बिघडलं असेल तर तेही तिथंच तोंडावर सांगायचं. त्या घासावर कुणी खोटं बोलत नसे.

वडिलांच्या मागे घाणा मिस्बाहकडे आला. त्यानं दोन हिवाळे कुणाकडूनही तेलातला घाण्याचा वाटा, म्हणजे गाळणावळ, घेतला नाही. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. खालच्या घाण्यावर तिजानी माश्या मारत बसला. तिसऱ्या वर्षी त्यानं दगड मिस्बाहला विकला आणि तो किनाऱ्यावरच्या शहरात मुलाकडे निघून गेला. मिस्बाहनं माझ्या भावाला आमच्याच दाराशी पायरी म्हणून बसवलं. लोक त्याच्यावर चिखलाचे पाय पुसून आत येत. मित्रांनो, मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, मी फुशारलो. आता सगळं गाव माझ्या एकट्याकडे येणार होतं!

पुढच्याच हिवाळ्यात मिस्बाहनं वडिलांच्या दुप्पट वाटा लावला. पेंडही ठेवून घेऊ लागला. लोक कुरकुरले, पण जाणार कुठे?

त्या वर्षी झाडं लगडली होती. मबरूका ही नऊ झाडांची मालकीण, विधवा आणि जिभेनं तिखट. वसंतात तिच्या मुलीचं, वसीलाचं, लग्न होतं. आमच्याकडे नवरी आईच्या घरच्या तेलाचा बुधला घेऊन निघते. सासरच्या बायका आधी ते तेल चाखतात आणि मग तिला आत घेतात. मबरूका पहिल्याच दिवशी रांगेत पहिली हजर झाली.

"हाजी, तुझ्या अब्बांचं माप एकच होतं," ती म्हणाली. "ते काय बाळंत झालं, की आता दोन झाली?"

घाण्यावरची माणसं खो खो हसली. मिस्बाहही हसला. "मावशी, तुझा ढीग तिकडे कोपऱ्यात टाक. येईल तुझा नंबर."

नंबर आला नाही. मागून आलेले पुढे गेले. तोडलेले ऑलिव्ह ढिगात पडून राहिले की तापतात, आंबतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चौथ्या दिवशी मबरूका काकुळतीला आली.

"हाजी, माझा माल तापायला लागलाय रे. पोरीच्या लग्नाचं तेल आहे."

"एवढी घाई असेल तर जा की दुसऱ्या घाण्यावर."

तिनं दारातल्या पायरीकडे पाहिलं.

अकराव्या दिवशी तिच्या ढिगातून वाफ निघाली. उंटीण हाकणाऱ्या शाबाननं ढिगात हात घातला आणि चटकन मागे घेतला. "हाजी, आता तरी तिचा..."

"तुला दुसरीकडे काम मिळालंय का, शाबान?"

शाबान उंटिणीकडे वळला. त्यालाही दुसरं दार नव्हतं.

बाराव्या दिवशी ते ऑलिव्ह माझ्याखाली आले. वासानंच सगळं कळलं. दगडाला नाही म्हणता येत नाही, हे खरं आहे. पण मी तर तोवर वर्षभर स्वतःच्या मोठेपणात मश्गूल होतो, त्याचं काय?

मबरूकानं रीतीप्रमाणे वाडगं पुढे धरलं. मिस्बाहनं घास बुडवला. "बरकत येवो! काय तेल आहे!" मग बाकीच्यांनी खाल्लं. शाबान धरून आठ माणसं होती, आणि आठांचेही ढीग कोपऱ्यात थांबले होते. एकेक जण "छान आहे मावशी, छान आहे" म्हणत गेला. शेवटी शाबाननं खाल्लं, आणि खाली बघत तेच म्हटलं. मग मबरूकानं स्वतः घास घेतला आणि कितीतरी वेळ चावला.

"गोड आहे म्हणता?"

"गोड आहे, मावशी."

"बरं." तिनं बुधला उचलला आणि ती घरी गेली.

पुढचं मी शाबानच्या तोंडून ऐकलं. तो सगळं उंटिणीला सांगायचा, मी आपला कान देऊन असायचो. त्याची बायको दोजा हिनं मबरूकाकडे ते तेल चाखलं आणि नवऱ्याची अशी काही हजेरी घेतली की बिचारा जेवणावरून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या झाडांवरचे शेवटचे ऑलिव्ह ओढणीत बांधून मबरूकाच्या अंगणात गेली.

"माझ्या नवऱ्याची जीभ घाण्यात अडकलीय, मबरूका. माझे हात मोकळे आहेत."

मागोमाग बाकीच्या सातजणांच्या बायकाही आपापले ऑलिव्ह घेऊन आल्या. वाटायचा सपाट दगड आणि वरवंटा तर घरोघरी होताच. सासवा जसं काढायच्या तसं त्यांनी तेल काढलं. ऑलिव्ह चिरडायचे, कोमट पाण्यात लगदा मळायचा आणि वर आलेलं तेल ओंजळीनं निथळून घ्यायचं. आठ बायकांचे चार दिवस गेले तेव्हा कुठे एक बुधला भरला. वसंतात वसीला तोच घेऊन सासरी गेली. तिथल्या बायकांनी बोट बुडवून चाखलं आणि तिला हात धरून आत घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात अर्धं गाव मबरूकाच्या अंगणात होतं. मिस्बाहनं वाटा कमी केला, दवंडी पिटली, पण रांग काही भरेना. त्यात माझा लाकडी कणा मोडला. सुतार शहरातून यायचा होता. मिस्बाहचे स्वतःचे ऑलिव्ह ढिगात तापू लागले. नवव्या दिवशी त्यानं ते उंटिणीवर लादले आणि मान खाली घालून तो मबरूकाच्या दारी गेला.

आता ही बाई उट्टं काढणार, असं सगळ्यांना वाटलं. शाबान तर उंटिणीची दोरी धरून दारातच थांबला.

"दोजानंतर तुझा नंबर," मबरूका म्हणाली. "बैस तिथं सावलीत. चहा घेशील?"

दोजानंतर खरंच त्याचा नंबर आला. तेल निथळलं. मबरूकानं भाकरी मोडली, घास बुडवून खाल्ला आणि वाडगं त्याच्यापुढे केलं.

"आंबट झालंय, हाजी. नऊ दिवस ठेवायला नको होते. आधीच आणायचे होतेस."

मिस्बाहनंही घास बुडवला. मग त्यानं तो खाल्ला.

"हो," तो म्हणाला. "आंबट आहे. तुझंही होतं."

शाबाननं हे सांगितलं त्या दिवसापासून मला चैन नाही. मिस्बाहनं निदान कबूल केलं. मी इतकी वर्षं दगड म्हणून मोकळा राहिलो. म्हणून आज तुमच्यापुढे सांगतो, की ते तेल मीच काढलं होतं.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात असं काही येईल, जे गावात दुसऱ्या कुणाकडे नसेल. ते जपून वापरा. आणि समोरचा प्रत्येक जण गोड गोड म्हणू लागला, तर एकदा त्याला विचारा, बाबा, तुझा ढीग माझ्या कोपऱ्यात तर अडकलेला नाही ना?