सिमेंटच्या आतली ठकठक

मी दीक्षितपुऱ्यातली मातीची भिंत बोलतेय. हसू नका, तुमच्या विटांपेक्षा जुनी आहे आणि चावटही.

देवीदास आणि त्याची नवी नवरी कलावती, या दोघांनी मला उभं केलं. दोन फळ्यांच्या मध्ये ओलसर माती-मुरूम टाकायचा, धुमसानं ठोकून दाबायचा, मग वरचा थर. देवीदास लवकर दमायचा. कलावती म्हणायची, "काहून बसले जी? भिंत का फुंकर मारून उभी राहते?" तिनं असं ठोकलं की भूकंपात शेजारची विटांची भिंत रस्त्यावर आडवी झाली, मी कूससुद्धा बदलली नाही. त्यांचा अश्विन माझ्यावर कॅलेंडर लावायला आला, तर खिळा वाकला आणि बोट सुजलं. मला भारी मजा आली!

गेल्या थंडीत कलावती गेली. सून एकताला मातीची भिंत बरी दिसेना, म्हणून माझ्यावर सिमेंट चढलं. म्हातारीला प्लास्टिकची साडी! ओल आत कोंडली. मी खालून भुसभुशीत झाले. प्लास्टर सुटून आत पोकळी पडली.

एका दुपारी देवीदासनं सहज बोटानं ठोकलं. ठकठक. आतून घुमलं, ठकठक.

"कला?" म्हातारा पांढराफटक. त्यानं खाटच मला चिकटवली.

मग मिस्त्री आला. "भैया, सीमेंट निकालो. अंदर मिट्टी सड रही है, किसी दिन बाबूजी के ऊपर बैठ जाएगी."

अश्विननं छन्नी लावली, तसा देवीदास आडवा आला. "तिला मारू नको. ती बोलून राहिली माझ्याशी."

"बाबा, पोकळ आहे ते! आई नाही."

"अन् डोक्यावर पडली तर?" एकता रडायलाच लागली.

"पडू दे. तिनंच उभी केली."

माझं हसू तिथंच आटलं. घट्ट ठोकलेली माती घुमत नाही. सिमेंट निघालं तर म्हातारा वाचणार, पण ठकठक जाणार.

शेवटी तोच म्हणाला, "उशापाशी तळहाताएवढं राहू दे. बाकी काढ."

आता मी वाळतेय, पुन्हा टणक होतेय. तो रोज त्या तुकड्यावर ठोकतो, तुकडा उत्तर देतो.

काल देवीदासला घेऊन सगळे दवाखान्यात गेले होते. घराला कुलूप. आणि त्या तुकड्यातून आलं, ठकठक. थोडं थांबून पुन्हा, ठकठक. कुणाची तरी वाट पाहिल्यासारखं.

या घरातल्या सगळ्या खोड्या माझ्याच, कबूल. पण आईशप्पथ, काल मी नव्हते.

मला रंगवा, खिळे ठोका, काही करा. तेवढा तुकडा मात्र काढू नका.