बिछान्याखालचा पेट्रोलचा वास

मी एक जुनी पेट्रोलची गाडी आहे. पण मित्रांनो, माझ्या पोटात बाकांऐवजी दोन बिछाने, भांड्यांचे कपाट आणि गॅसची शेगडी आहे. भूगोलाचे निवृत्त शिक्षक श्यामसुंदर सर आणि त्यांच्या पत्नी पद्मजाबाई यांनी १९८४ साली स्वारगेटजवळच्या एका कारखान्यात माझे असे फिरते घर करून घेतले. त्याआधी मी औषधांची खोकी वाहत असे.

आम्ही वाईला गेलो, हंपीला गेलो. जिथे थांबू तिथे मुले जमत आणि खिडकीतून पाहून विचारत, “तुम्ही यातच झोपता?” तेव्हा मला फार अभिमान वाटे.

चौथ्या वर्षी कात्रजच्या चढावर पद्मजाबाई म्हणाल्या, “अहो, मला पेट्रोलचा वास येतोय.”

“पेट्रोलच्या गाडीला चंदनाचा वास येत नसतो,” सर म्हणाले.

मला कुठे दुखत होते ते मला ठाऊक होते. पण सांगणार कसे? दोन मिस्त्री माझ्याखाली झोपून पाहून गेले. इंजिन कोरडे होते. एकाने आत कापराची पुडी टांगली आणि गाडी बरी झाली म्हणून सांगितले.

वर्षभर असेच चालले. मग एकदा भोरजवळ पद्मजाबाईंनी काडेपेटी खाली ठेवली. “वास कुठून येतो ते कळेपर्यंत मी यात शेगडी पेटवणार नाही.”

सर रागावले. आम्ही उपाशीच परतलो. मग माझ्यावर ताडपत्री पडली. चाकांतली हवा गेली. एके दिवशी भंगारवाला येऊन माझा पत्रा वाजवून गेला. मी खूप घाबरले.

पण पद्मजाबाई बसने लोणी काळभोरला गेल्या आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या दत्तोबांना घेऊन आल्या. दत्तोबांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. आधी त्यांनी विचारले, “बाई, वास कवा येतो?”

“टाकी काठोकाठ भरली की. अर्धी असली की येत नाही. आणि चढावर जास्त.”

“मग गळती वरच्या अंगाला हाय. खाली बघून काय घावणार?”

त्यांनी मागचा बिछाना उचलला, खालची फळी काढली. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारी रबरी नळी वरून तडकलेली होती. शेजारच्या काथ्याच्या गादीला पेट्रोलचा मोठा डाग पडला होता. सरांनी तिला बोट लावून हुंगले. तिथून शेगडी हातभर अंतरावर होती. सर पायरीवर बसले.

“तुझं ऐकायला हवं होतं,” ते पद्मजाबाईंना म्हणाले.

दत्तोबांनी नवी नळी बसवून दोन्ही टोके पट्ट्यांनी आवळली, गादी फेकून दिली आणि माझी दारे दोन दिवस उघडी ठेवायला लावली. मग चाकांत हवा आणि टाकी काठोकाठ भरून, दत्तोबांनाही सोबत घेऊन आम्ही कात्रज चढलो. तिघेही नाक वर करून बसले होते. वास आला नाही. वर पोहोचल्यावर पद्मजाबाईंनी चहा केला आणि पहिला कप सरांनी आपल्या हाताने त्यांनाच दिला. पुढे मी त्यांना आणखी नऊ वर्षे फिरवले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आम्ही वास देतो, आवाज करतो, थरथरतो. तो वास दडपू नका. आणि तुमच्या घरात तो कुणा एकालाच येत असेल, तर आधी काडेपेटी बाजूला ठेवा आणि त्या माणसाला विचारा, “कधी येतो?”